काळोख्या कल्पनारम्य गोष्टी मुलांच्या हाती कधी द्याव्यात?

आठ-नऊ वर्षांचे मूल हॅरी पॉटरचा पहिला भाग संपवून दुसरा मागते, दुसरा संपवून तिसरा मागते, आणि चौथ्या भागाशी पोहोचेपर्यंत घरातल्या मोठ्या माणसांच्या मनात शंका उभी राहते की हे पुस्तक आता द्यावे की थोडे थांबावे. शंका रास्त आहे. जे. के. रोलिंग यांची ही मालिका १९९७ ते २००७ या दहा वर्षांत सात भागांत प्रसिद्ध झाली. पहिल्या भागात नायक अकरा वर्षांचा होतो आणि शेवटच्या भागात तो सतरा वर्षांचा होतो. त्याच्या वयाबरोबर पुस्तकाची जाडी वाढते, वाक्ये गुंतागुंतीची होतात आणि गोष्टीतला काळोखही गडद होत जातो. पहिल्या भागाची मूळ ब्रिटिश आवृत्ती २२३ पानांची होती, तर पाचव्या भागाची ७६६ पानांची.

पुस्तके प्रथम प्रसिद्ध होत होती त्या काळातल्या मुलांना एक सवलत आपोआप मिळाली होती. चौथा भाग २००० साली आला आणि पाचवा थेट २००३ साली. ज्या मुलाने दहाव्या वर्षी चौथा भाग वाचला, त्याला पाचवा हाती लागेपर्यंत तेरावे वर्ष लागले होते. आज सातही भाग एका खोक्यात मिळतात, मंजुल प्रकाशनामुळे ते मराठीतही उपलब्ध आहेत, आणि झपाट्याने वाचणारे मूल मे महिन्याच्या सुट्टीत पहिल्यापासून सातव्यापर्यंत पोहोचू शकते. लेखिकेच्या दहा वर्षांनी जे काम केले, ते आता पालकांना करावे लागते. म्हणून हा प्रश्न नीट समजून घेणे आवश्यक आहे, आणि हॅरी पॉटर हे त्यासाठी चांगले उदाहरण आहे, कारण एकाच मालिकेत अनेक प्रकारचा काळोख पायरीपायरीने येतो.

सुरुवातीलाच एक गल्लत दूर करायला हवी. मुलाला पुस्तक वाचता येणे आणि मुलाला ते पुस्तक पेलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंग्रजी माध्यमात शिकणारे तिसरीतले हुशार मूल अवघड शब्दांना न अडखळता पाचशे पाने वाचून काढते, आणि त्याच्या वाचनाचे कौतुक करणारे घरचे लोक त्याचे मनही तेवढेच पुढे गेले आहे असे गृहीत धरतात. प्रत्यक्षात वाचनाचा वेग सरावाने वाढतो, तर विश्वासघात, निराशा किंवा निरपराध माणसाचा मृत्यू यांसारख्या गोष्टी मनात सामावून घेण्याची ताकद अनुभवाने आणि वयाने येते. उलट बाजूही तितकीच खरी आहे. हळू वाचणारे बारा वर्षांचे मूल जाड पुस्तक हाती घ्यायला कचरत असेल, तरी त्यातली गोष्ट पेलायला ते पूर्ण तयार असू शकते. अशा मुलाला लहान मुलांच्या पुस्तकांत अडकवून ठेवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याला ती गोष्ट मोठ्याने वाचून दाखवावी.

मुले कशाला घाबरतात हे वयानुसार बदलते, आणि या विषयावर मानसशास्त्रात उत्तम काम झाले आहे. अमेरिकेतल्या जोआन कँटर यांनी अनेक वर्षे मुलांच्या भीतीचा अभ्यास केला. सिंथिया हॉफनर यांच्याबरोबर १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात त्यांनी वेगवेगळ्या वयाच्या मुलांना एका स्त्रीची गोष्ट दाखवली. काही मुलांना ती दिसायला भेसूर दाखवली होती, काहींना प्रसन्न. काही गोष्टींत ती मांजराशी प्रेमाने वागत होती, काहींत दुष्टपणे. तीन ते पाच वर्षांची मुले मुख्यतः तिच्या रूपावरून ती चांगली की वाईट हे ठरवत होती, तर नऊ-दहा वर्षांच्या मुलांसाठी तिची वागणूक निर्णायक होती. शाळेत न जाणाऱ्या वयात भीती डोळ्यांतून येते, त्यामुळे मोठे दात, चित्रविचित्र डोळे, एकाएकी बदलणारा चेहरा हे सारे त्या वयाला भिववते. पुढे मुलाची समज वाढते आणि भीती ‘हे खरेच घडू शकते का’ या प्रश्नाकडे सरकते. नऊ वर्षांच्या मुलाला तीन डोक्यांच्या कुत्र्याची मजा वाटते, पण त्याच पुस्तकातले आईवडील नसलेले, जिन्याखालच्या कपाटात झोपणारे मूल त्याला अस्वस्थ करू शकते.

‘हे सगळे खोटे आहे’ असे सांगून भीती जात नाही, याचेही कारण कळलेले आहे. पॉल हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली चार आणि सहा वर्षांच्या मुलांना रिकामी खोकी दाखवली आणि त्यांतल्या एकात राक्षस किंवा ससा असल्याची कल्पना करायला सांगितली. खोके रिकामे आहे आणि आपण फक्त कल्पना करत आहोत हे मुलांना ठाऊक होते. तरीही मोठे माणूस खोलीबाहेर गेल्यावर अनेक मुले त्याच खोक्यापाशी घुटमळली आणि आत डोकावून पाहू लागली. खरे-खोटे कळणे आणि मनातली शंका फिटणे यांत अंतर असते. ते अंतर मोठ्यांनाही पुरते मिटवता येत नाही, मग लहानांकडून तशी अपेक्षा का करावी?

मृत्यूविषयीही थोडे समजून घ्यावे लागते. मेलेले माणूस परत येत नाही, प्रत्येकाला कधीतरी मरण येते, आणि मेल्यावर शरीराचे काम थांबते, या गोष्टी बहुतेक मुलांना साधारण पाच ते सात या वयात उमजू लागतात. त्याआधी गोष्टीतल्या मृत्यूचा अर्थ मुलाला अर्धाच लागतो. त्यानंतर काही काळ हा विषय मुलाच्या मनात अगदी ताजा असतो, आणि आजी-आजोबांच्या जाण्याने तो अधिक हळवा होतो.

आता काळोखाच्या जातींकडे येऊ, कारण माझ्या मते खरा निर्णय इथे घ्यायचा असतो. पालक सहसा पुस्तकात किती हिंसा आहे हे विचारतात. मी आधी हे विचारेन की पुस्तकातले संकट कुठून येते आणि त्यावर गोष्टीत काही उतारा आहे का. दुसऱ्या भागात भिंतींतून येणारा आवाज, प्रचंड कोळी आणि महासर्प आहेत. हे सारे बाहेरचे संकट आहे, त्याला रूप आहे, आणि शेवटी ते हरते. तिसऱ्या भागात डिमेंटर येतात, ज्यांच्या जवळ येण्याने माणसातला सगळा आनंद ओढून घेतला जातो आणि त्याच्या सर्वांत वाईट आठवणी जिवंत होतात. स्वतःच्या नैराश्याच्या अनुभवातून ही कल्पना सुचल्याचे लेखिकेने सांगितले आहे. कल्पना फारच गडद आहे. परंतु त्याच पुस्तकात त्यावरचा उपायही आहे. एक समजूतदार शिक्षक मुलाला आधी चॉकलेट देतो आणि पुढे एखाद्या सुखाच्या आठवणीला घट्ट धरून त्यांना कसे परतवायचे हे शिकवतो. मुलाला भीतीबरोबर तिला तोंड देण्याची रीतही मिळते. म्हणून मी तिसरा भाग दहा वर्षांच्या मुलाच्या हाती द्यायला कचरत नाही.

चौथ्या भागात गोष्टीचा स्वभाव बदलतो. पहिल्याच प्रकरणात एका म्हाताऱ्या माळ्याचा खून होतो, आणि शेवटी स्मशानभूमीत एक सरळ, गुणी विद्यार्थी मारला जातो. तो काही चुकलेला नसतो, त्याने कोणाचे वाईट केलेले नसते, तो केवळ तिथे हजर असतो. चांगल्याला चांगले फळ मिळते हा लहान मुलांच्या गोष्टींतला करार इथे मोडतो. मूल अकरा-बारा वर्षांचे होईपर्यंत जगात असे घडते हे त्याने बातम्यांतून, शेजारपाजारच्या घटनांतून थोडेफार ऐकलेले असते, आणि मग गोष्टीतला तो प्रसंग त्या जाणिवेला शब्द देतो. आठव्या वर्षी तोच प्रसंग मुलाला एकट्याने सोसावा लागतो.

पाचव्या भागातला एक प्रसंग पालकांनी स्वतः वाचूनच पाहावा. गुलाबी कपडे घालणारी, गोड बोलणारी एक शिक्षिका नायकाला शिक्षा म्हणून ‘मी खोटे बोलणार नाही’ हे वाक्य पुनःपुन्हा लिहायला लावते. तिने दिलेल्या लेखणीला शाई लागत नाही. कागदावर लाल अक्षरे उमटतात आणि तीच अक्षरे त्याच्या हाताच्या पाठीवर कापल्यासारखी उमटत जातात, कारण ती त्याच्याच रक्ताने लिहिली जात असतात. खोलीत राक्षस नाही, अंधार नाही, भिंतीवर मांजरांच्या चित्रांच्या शोभेच्या बशा टांगलेल्या आहेत. आणि मूल खरे बोललेले असूनही शिक्षा भोगते. माझ्या ओळखीतल्या कितीतरी मुलांना महासर्पापेक्षा ही बाई अधिक भयंकर वाटली, आणि त्यांचे म्हणणे बरोबर होते. संरक्षण करायचे ते माणूसच छळू लागले, तर मुलाने जायचे कुठे?

या जातीच्या क्रौर्याने मोठ्यांनाही नेहमीच अस्वस्थ केले आहे. ग्रिम बंधूंनी १८१२ साली जर्मन लोककथांचा पहिला खंड काढला, तेव्हा ‘हॅन्सेल आणि ग्रेटेल’च्या गोष्टीत भुकेपायी आपल्या मुलांना जंगलात सोडून देण्याचा आग्रह धरणारी बाई ही त्या मुलांची सख्खी आई होती. पुढच्या आवृत्त्यांत तिची सावत्र आई झाली. हिमगौरीच्या गोष्टीतही हाच बदल झाला. भट्टीत जळणारी चेटकीण मात्र जागेवरच राहिली. मुलांच्या हाती पुस्तक जाणार हे ध्यानात आल्यावर संपादकांना आग आणि भट्टी चालली, सख्ख्या आईचे क्रौर्य चालले नाही. या निर्णयामागची जाण आजही उपयोगी पडते.

‘आपण लहानपणी राक्षसांच्या, वेताळाच्या गोष्टी ऐकल्याच ना’ हा युक्तिवाद घरोघरी होतो. तो निम्मा बरोबर आहे. खांद्यावर प्रेत घेऊन स्मशानातून चालणारा राजा ‘चांदोबा’ने कितीतरी पिढ्यांना दाखवला आणि त्याने कोणाचे नुकसान झाले नाही. पण त्या गोष्टींना ठराविक चौकट होती. वेताळ प्रश्न विचारणार, राजा उत्तर देणार, वेताळ पुन्हा झाडावर जाऊन लटकणार, हे मुलाला आधीच ठाऊक असे, आणि बहुधा गोष्ट सांगणारे एक आपले माणूस शेजारी बसलेले असे. रत्नाकर मतकरी यांनी ‘अलबत्या गलबत्या’मध्ये मुलांसाठी चिंची चेटकीण उभी केली आणि मोठ्यांसाठी गूढकथा वेगळ्या लिहिल्या. चेटकीण आली की नाट्यगृहातली मुले एकत्र किंचाळतात आणि एकत्र हसतात. सातशे पानांची कादंबरी मूल एकटे, मनातल्या मनात, पुढे काय होणार हे ठाऊक नसताना वाचते. भीतीचा ऐवज सारखा असला तरी ती सोसण्याची परिस्थिती वेगळी असते.

सिनेमाला प्रमाणपत्र मिळते, तसे पुस्तकाला का नाही, असेही विचारले जाते. हॅरी पॉटरच्या पहिल्या तीन चित्रपटांना ब्रिटनमध्ये ‘पीजी’ (पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहण्याजोगे) प्रमाणपत्र मिळाले आणि चौथ्यापासून पुढच्या सर्वांना ‘१२ए’ (बारा वर्षांखालच्या मुलांसोबत मोठे माणूस हवे). चौथ्या भागापाशी गोष्ट वळण घेते, हे तिथल्या परीक्षकांनाही दिसले. भारतात २०२४ च्या नियमांनी चित्रपटांच्या ‘यूए’ श्रेणीचे ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन टप्पे केले. पुस्तकांवर वय छापण्याचा प्रस्ताव ब्रिटिश प्रकाशकांनी २००८ साली मांडला, तेव्हा फिलिप पुलमन यांच्यासह अनेक बालसाहित्यिकांनी त्याला विरोध केला. मला तो विरोध पटतो. वाचनात मागे असलेल्या मुलाने ‘७+’ छापलेले पुस्तक वर्गात उघडायचे कसे? शिवाय पडद्यावरचे दृश्य सर्वांना एकच दिसते, तर वाचताना प्रत्येक मूल आपल्या अनुभवाच्या मापाने चित्र रंगवते. त्यामुळे पुस्तक वाचून झालेल्या मुलाला त्याचा चित्रपट लगेच दाखवावाच असे नाही. चित्रपटातला आवाज आणि अंधार त्याने रंगवलेल्या चित्रापेक्षा खूप जड असू शकतो.

मग ठरवायचे कसे? हॅरी पॉटरपुरते माझे मत सांगायचे तर पहिला भाग आठ-नऊच्या सुमारास, दुसरा त्याच वयात पण सोबत बसून, तिसरा दहाच्या आसपास, चौथा अकरा पूर्ण झाल्यावर, आणि पाचव्यापासून पुढचे बारा-तेराच्या वयात द्यावेत. सातव्या भागाच्या पहिल्याच प्रकरणात एका शिक्षिकेला मेजावर उलटे टांगून मारले जाते, आणि पुढे एका वृद्ध स्त्रीच्या देहातून साप बाहेर येतो. हे वाचून पाहिलेल्या पालकाला हा भाग नवव्या वर्षी का नको, ते वेगळे सांगावे लागणार नाही. परंतु ही वये आपल्या मुलाकडे पाहून मागेपुढे करायची आहेत. नुकतेच घरात कोणी गेले असेल, आईवडील विभक्त होत असतील, शाळेत कोणी त्रास देत असेल, तर त्याच विषयावरचे पुस्तक काही महिने मागे ठेवणे शहाणपणाचे असते. काही मुले मात्र नेमक्या अशाच वेळी अशी गोष्ट मागतात, कारण त्यांना कोणीतरी त्या अनुभवातून पार झालेले पाहायचे असते. मुलाने स्वतःहून मागितले तर देण्याकडे माझा कल राहील, मात्र वाचताना जवळ बसावे.

सोबत वाचण्याचा अर्थ पहारा देणे असा नाही. मी ज्या मुलांबरोबर वाचन करते, त्यांच्यातल्या एका नऊ वर्षांच्या मुलीने दुसऱ्या भागात एका प्रसंगी पुस्तक मिटले. शाळेच्या रखवालदाराचे मांजर मशालीच्या खुंटीला शेपटीने लटकलेले, ताठरलेले सापडते, तो प्रसंग होता. तिच्या घरी मांजर होते. तिने मला फक्त एवढेच विचारले की ते नंतर बरे होते का. मी होय म्हटले, आणि ती लगेच पुढे वाचू लागली. शेवट आधी सांगितल्याने गोष्टीची मजा जाते ही मोठ्यांची समजूत आहे. घाबरलेल्या मुलाला शेवट ठाऊक असणे हाच पुढे जाण्याचा आधार असतो, आणि तो मागितला तर नाकारू नये.

झोपण्यापूर्वी वाचताना एक साधी युक्ती उपयोगी पडते. या मालिकेतली कितीतरी प्रकरणे उत्कंठेच्या टोकावर संपतात, म्हणून प्रकरण संपवून दिवा मालवण्यापेक्षा मधल्या एखाद्या निवांत जागी, जेवणाच्या किंवा गप्पांच्या प्रसंगावर थांबावे. भीती वाटलीच तर तिच्यावरचा उपायही वयाप्रमाणे वेगळा असतो. कँटर यांच्या अभ्यासातून दिसले की लहान मुलांना समजावण्यापेक्षा जवळ घेणे, पाणी देणे, दिवा लावणे, आवडती चादर हाती देणे यांचा अधिक उपयोग होतो, आणि मोठ्या मुलांना मात्र बोलून, कारणे सांगून धीर येतो. सहा वर्षांच्या मुलाशी वाद घालत बसू नये आणि अकरा वर्षांच्या मुलाला नुसते थोपटून गप्प करू नये.

एखादी भीतिदायक जागा मूल पुन्हा पुन्हा वाचत असेल, त्यावर चित्रे काढत असेल, भावंडांबरोबर तो प्रसंग खेळत असेल, तर काळजीचे कारण नाही. ते मूल त्या भीतीवर काम करत आहे. पण आठवडा उलटून गेला तरी ते एकटे बाथरूमला जायला नकार देत असेल, झोपेतून दचकून उठत असेल किंवा पुस्तकाचा विषय निघताच गप्प होत असेल, तर पुस्तक बाजूला ठेवावे. बाजूला ठेवताना ‘तू अजून लहान आहेस’ असे म्हणू नये, कारण त्या एका वाक्याने पुस्तक अपमानाशी जोडले जाते आणि पुढच्या वेळी भीती लपवली जाते. ‘हे पुस्तक कुठे जात नाही, पुढच्या वर्षी पुन्हा काढू’ असे म्हटले की मुलाला थांबणे सोपे जाते.

पालकांना सावध करावी अशी आणखी एक गोष्ट आहे. मुखपृष्ठावर ड्रॅगन असला की पुस्तक मुलांचे असते, असा समज दुकानांत आणि भेटवस्तू देणाऱ्या नातेवाइकांत सर्रास दिसतो. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांची १९९६ साली सुरू झालेली मालिका ड्रॅगनांची असली तरी ती प्रौढांसाठी लिहिलेली आहे आणि तिच्यातली लैंगिक हिंसा कोणत्याही शाळकरी मुलासाठी योग्य नाही. अशा पुस्तकाविषयी मी वरची सगळी लवचीकता बाजूला ठेवते आणि सरळ नाही म्हणते.

आणि मुलाने आपल्या नकळत, मित्राकडून आणून, सातवा भाग आधीच वाचून टाकला असेल तर? रागावू नये, पुस्तक हिसकावू नये. दोन-तीन दिवसांत ते पुस्तक आपणही वाचावे आणि एके दिवशी सहज विचारावे की कोणती पाने त्याने भरभर उलटली. अनेक मुले नको असलेला भाग अंगठ्याने पुढे ढकलतात, आणि नेमका कोणता भाग ढकलला हे त्यांना लख्ख आठवत असते.